खर्ज कुठे राहतो? : घरातल्या सबवूफरची समीक्षा

आजच्या विषयाचं नाव वाचून एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला, "सर, तुम्ही आता दुकान काढताय का?" नाही, दुकान काढत नाही. पण गेलं वर्षभर आमच्या हॉलमध्ये एक काळी पेटी येऊन बसली आहे, आणि तिने आम्हाला जितकं विचारात पाडलं तितकं निवृत्तीनंतर फार थोड्या पुस्तकांनी पाडलं. तेव्हा आजची समीक्षा त्या पेटीची, म्हणजे सबवूफरची.

आधी ती घेतली का, ते सांगतो. वय झालं की कान वरून जायला लागतात. म्हणजे तार सप्तकाच्याही वरचं, झांजेची चमक, तंबोऱ्याच्या जवारीतली ती बारीक झळाळी, हे आधी जातं. खालचं पुष्कळ काळ शाबूत राहतं. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला, डावीकडे रेघ बरी आणि उजवीकडे घसरगुंडी. आम्ही मनाशी म्हटलं, वरचं जात असेल तर जाऊ दे, खालचं जे उरलंय ते तरी नीट ऐकू. घरात दोन लहान स्पीकर होते, पुस्तकांच्या फळीवर मावणारे. त्यावर तबल्याचा एकल ऐकत बसलो असताना नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या स्पीकरला बेसच नाहीये." खरं होतं. दायां होता, डग्गा नव्हता. डग्गा आहे असं आम्ही समजून घेत होतो.

हे 'समजून घेणं' काय प्रकरण आहे, तिथून सुरुवात करू. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरा. मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, म्हणजे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. आता मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. तरी मोबाइलवर तंबोरा लावला तर खर्जाची तार ऐकू येते की नाही? येते. तिचा मूळ स्वर तिथे नसतोच. तिचे वरचे अंशस्वर असतात, आणि त्यांच्यामधलं सारखं अंतर बघून मेंदू मूळ स्वर स्वतः जुळवून घेतो. १९२५ च्या आधी विजेशिवाय, कर्ण्यात गाऊन ज्या तबकड्या भरल्या गेल्या, त्यांत २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही उतरत नसे. तरी आपले आजोबा-पणजोबा त्या ऐकून डोलत होते. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर ते अनुमान होतं. धूर दिसला, अग्नी मानला. (नैयायिक आमच्यावर रागावतील, कारण इथे व्याप्तीचं स्मरण वगैरे काही होत नाही, थेट ऐकूच येतं. पण आजच्यापुरतं चालवून घ्या.)

मग सबवूफर काय देतो? स्वर देत नाही. स्वर आपल्याला आधीच कळलेला असतो. तो त्या स्वराचं वजन देतो. अनुमानाच्या जागी प्रत्यक्ष आणून ठेवतो. धूर बघून मानलेला अग्नी आता हाताला लागतो. आणि पेटी चुकीची असेल किंवा चुकीच्या जागी ठेवली असेल, तर तिसरीच गोष्ट होते, दोरीवर साप दिसतो. ज्याला लोक दणदणीत बेस म्हणतात, तो आमच्या मते दहातल्या सात-आठ घरांत हा साप असतो. हा आकडा मोजलेला नाही बरं का, आमचा राग आहे तो.

दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, त्या मुलाचा दोष नव्हता. त्याने सिनेमातला एक स्फोट लावला. काचा थरथरल्या. आम्ही म्हटलं, तबला लाव. तो म्हणाला, "काका, तबल्यात काय कळणार?" आम्ही म्हटलं, बाबा रे, तबल्यातच कळणार. स्फोट कसा ऐकू यायला हवा हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही, तो जसा वाजेल तसा खरा वाटतो. डग्गा मात्र आपण समोर बसून ऐकलेला आहे. मनगटाच्या दाबाने 'घे' वर चढतो, खाली घसरतो, ती मींड, तो घुमारा. पेटी चांगली असेल तर ही चढउतार खालपर्यंत ऐकू येते. वाईट असेल तर दाब कसाही असो, दरवेळी एकच 'ढुम'. परीक्षा एवढीच. ज्यात स्वर बदललेला कळत नाही तो बेस नव्हे, ती धडक आहे.

पेटीवर छापलेल्या आकड्यांबद्दल थोडक्यात. आपल्या पिढीला 'पी.एम.पी.ओ.' आठवत असेल. नव्वदच्या दशकात हाताच्या पंजाएवढ्या स्पीकरवर हजार वॉट लिहिलेले असायचे आणि ते भिंतीतल्या साध्या प्लगवर मजेत चालायचे. तो आकडा निव्वळ थाप होता. आजचे आकडे तितके बेशरम नाहीत, पण 'पंचवीस हर्ट्झपर्यंत जातो' हे वाक्य त्याच वंशातलं आहे. जातो म्हणजे किती आवाजात जातो? एक साधा हिशोब लक्षात ठेवा. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा पडदा ४० ला चार आणि २० ला सोळा मिलिमीटर हलायला हवा. म्हणून खालचा स्वर हा वॉटचा प्रश्न कमी आणि हवा ढकलण्याचा जास्त. बारा इंची पडद्याचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असतं. फूटभर उंचीची गोजिरवाणी पेटी जमीन हादरवते असं कुणी सांगितलं, तर ती बहुधा साठाच्या आसपासचा एकच स्वर फुगवत असते.

आणि मुळात आपल्याला जायचं कुठपर्यंत आहे? पियानोचा सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झ, तो क्वचित वाजतो. बेस गिटारची जाड तार ४१. आपला तंबोरा ६९, आणि डग्गा त्याच मुलखातला. पंचविशीच्या आसपास मुख्यतः चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे पाइप आणि हॉलिवूडचे स्फोट राहतात. ज्याला ते हवे आहेत त्याने जरूर मोठी पेटी घ्यावी. आम्हाला पस्तीस-चाळीसपर्यंत स्वच्छ उतरणारी दहा इंची पुरली. तीही बंद पेटीची, भोकाची नव्हे. भोक असलेल्या पेटीत भोकातली हवाच खालच्या स्वरांना जोर देते. जोर जास्त मिळतो, पण एका मर्यादेखाली आवाज झटकन कोसळतो, सप्तकाला २४ डेसिबलने. बंद पेटीचा निम्म्या उताराने, १२ ने, हळूहळू उतरतो. आणि आपल्या घरांमध्ये हा सावकाश उतार फायद्याचा ठरतो. का, ते पुढे येईलच.

पेटी घरी आली. मुलाने ती टीव्हीशेजारी कोपऱ्यात ठेवली, कारण तिथे प्लग होता. आपल्याकडे बहुतेक सबवूफरची जागा ध्वनिशास्त्र ठरवत नाही, वायरमन ठरवतो. आम्ही सोफ्यावर बसलो, तोच तबला लावला आणि अक्षरशः हिरमुसलो. ज्या वादकाला आम्ही तरुणपणी सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेच्या थंडीत समोर बसून ऐकलं होतं, तो ओळखू येईना. डग्ग्याचा प्रत्येक 'घे' एकाच उंचीवर येऊन फुगायचा. गाणं लावलं तर बुवांचा मंद्र पंचम आणि खर्ज यांत फरक उरेना. शोकेसची काच मधूनच किणकिणायची. दुकानात इतकं बरं वाजलेलं यंत्र घरी आल्यावर असं का वागतं?

इथे आम्हाला विश्वनाथ न्यायपंचाननांचा 'भाषापरिच्छेद' आठवला. विद्यार्थिदशेत पाठ केलेला, तेव्हा उपयोग कळला नव्हता. न्यायवैशेषिक म्हणतात, शब्द हा आकाशाचा गुण. तो ढोलाशी जन्मतो, पण आपण ऐकतो तो शब्द ढोलाशी जन्मलेला नव्हेच. एकापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असे शब्द पाण्यावरच्या लाटांसारखे उत्पन्न होत येतात. काहींच्या मते कदंबाच्या फुलासारखे, एकाच वेळी सगळ्या दिशांना. आणि आपण ऐकतो तो शेवटचा, कानाच्या पोकळीतल्या आकाशात उपजलेला. आजचं पदार्थविज्ञान आकाश मानत नाही, हवा मानतं, ते सोडा. पण 'ऐकलेला आवाज वाद्याशी नाही, तुमच्यापाशी जन्मतो' हे सबवूफरच्या बाबतीत अगदी तंतोतंत आहे. आणि कदंबाचं फूलही. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेने जातो. खालचा स्वर सगळीकडे पसरतो. ८० हर्ट्झच्या खाली तो कुठून आला हे कानाला जवळजवळ कळतच नाही. म्हणूनच तर ही पेटी समोर ठेवायची सक्ती नाही.

आता खोली. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे आपल्या हॉलमध्ये ती पूर्ण मावतसुद्धा नाही. ती भिंतींवर आपटून परत येते, आणि ज्या स्वरांची अर्धी लांबी दोन भिंतींमधल्या अंतराएवढी भरते ते स्वर खोलीत अडकून घुमतात. प्रत्येक खोलीला असे स्वतःचे स्वर असतात. ते काढायला सोपी युक्ती आहे, ५६५ ला फुटांनी भागायचं. आमचा हॉल पुण्यातल्या हजारो हॉलसारखा, सतरा बाय दहा, उंची साडेनऊ. लांबीचा स्वर आला ३३, त्याची दुप्पट ६६. रुंदीचा ५६-५७. उंचीचा ५९-६०. बघा गंमत. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी, म्हणून दोन स्वर शेजारीशेजारी येऊन बसले. वर ६६ आहेच. म्हणजे ५६ ते ६६ या पट्ट्यात आमचा हॉल स्वतःच गातो. आणि आमच्या तंबोऱ्याचा खर्ज कुठे? ६९. डग्गा कुठे? त्याच गर्दीत. आम्हाला ऐकू येत होता तो वादक नव्हता, आमचा हॉल होता.

बरं, हे स्वर खोलीत सगळीकडे सारखे नसतात. भिंतीशी दाब सगळ्यात जास्त. पहिल्या स्वराचा दाब बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य, दुपटीचा मात्र मध्यावर पुन्हा भरपूर. आमचा सोफा लांब भिंतीला टेकून, लांबीच्या बरोबर मध्यावर. म्हणजे ३३ चा स्वर त्या जागी नाहीच. पंचवीसपर्यंत उतरणारी पेटी घेतली असती तरी तिथे तो पट्टा मिळाला नसता. ६६ पुरेपूर, आणि पाठ भिंतीला असल्यामुळे रुंदीचा ५७ ही पुरेपूर. सबवूफर कोपऱ्यात, जिथून सगळेच स्वर सर्वांत जोरात चेतवले जातात. वाईटात वाईट मांडणी करायला सांगितली असती तर आम्ही हीच केली असती.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. यावरची बहुतेक पुस्तकं आणि सल्ले अमेरिकेतून येतात. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या, जमिनीवर गालिचा. त्या भिंती खालचे स्वर थोडे गिळतात, थोडे बाहेर सोडतात. आपल्या विटा, काँक्रीट आणि टाइल्स काही गिळत नाहीत. म्हणून आपल्या खोलीचे स्वर जास्त टोकदार, आणि म्हणूनच खोलीच्या सगळ्यात खालच्या स्वराच्याही खाली भिंती स्वतः जोर लावतात. बंद पेटीचा तो सावकाश उतार इथे भरून निघतो. तिकडे 'बेस कमी पडतो, कोपऱ्यात ढकला' हा सल्ला कदाचित शहाणपणाचा असेल. इकडे तो उचलून आणणं म्हणजे हिमालयातली घोंगडी कोकणात पांघरणं.

उपाय मात्र तिकडचाच, आणि झकास. जिथे आपण बसतो तिथे सबवूफर ठेवायचा, आणि आपण रांगायचं. होय, जमिनीवर. कान पेटीच्या उंचीवर ठेवून भिंतीकडेने फिरायचं, आणि जिथे खालचे सगळे स्वर सारखे, वेगवेगळे ऐकू येतील तिथे खूण करायची. मग पेटी त्या खुणेवर आणि आपण खुर्चीत. ध्वनीत स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला मार्ग तोच राहतो, या तत्त्वावर हे चालतं. आमच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून नातू रांगला. वय अकरा, कान कोरे. खर्जातून वर जाणारी सुरावट लावली होती. "आजोबा, इथे ढब्ब. इथे काहीच नाही. इथे... इथे सगळे वेगळे येतायत." ती जागा निघाली आखूड भिंतीच्या मध्याजवळ, तत्त्वज्ञानाच्या कपाटाच्या पायाशी. हिशोब करून पाहिला तर योग्यच. रुंदीच्या मध्यावर ५७ चा स्वर चेततच नाही.

सोफा हलवण्यावरून आमच्या सौभाग्यवतींशी वाटाघाटी झाल्या. सोफा राहिला, आमची आरामखुर्ची हलली: बाजूच्या भिंतीपासून लांबीच्या एकतृतीयांशावर, म्हणजे पावणेसहा फूट, आणि मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे. एवढ्याने जे बदललं ते कुठलंही बटण फिरवून बदललं नसतं.

बटणं तीन असतात, लवकर उरकतो. क्रॉसओव्हर म्हणजे कुठल्या स्वराखाली काम सबवूफरने करायचं ती हद्द. ८० पासून सुरुवात करा, मुख्य स्पीकर फारच लहान असतील तर १०० पर्यंत चढा, त्याच्या वर गेलात तर बुवांचा आवाज कपाटाखालून यायला लागतो. फेजचं बटण एकाने फिरवायचं, दुसऱ्याने खुर्चीत बसून हद्दीजवळचा स्वर कुठे जास्त भरीव लागतो ते सांगायचं. तिसरं आवाजाचं, आणि पाप इथे होतं. पेटी विकत घेतली आहे तर ती ऐकू आली पाहिजे, असं वाटतं. खरं तर ती चालू आहे हे कळता कामा नये, बंद केल्यावर मात्र घर उघडं पडल्यासारखं वाटावं. आम्ही पहिल्या आठवड्यात ठेवलेल्या जागेपासून चार वेळा खाली आणलं. शिवाय आवाजाचं हे माप एकदाच ठरत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात कान खालच्या स्वरांना फारच मंद असतो. मधला स्वर चाळीस डेसिबलला जितका ऐकू येतो तितकाच ५० हर्ट्झचा यायला त्याला पंचाहत्तरच्या पुढे न्यावं लागतं. म्हणून रात्री हळू लावलं की बेस नाहीसा होतो आणि हात त्या बटणाकडे जातो.

तो हात आमचाही गेला, आणि एके रात्री खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. अत्यंत सौम्य बाई. म्हणाल्या, "सर, रागावू नका. गाणं ऐकू आलं असतं तर आम्ही ऐकलं असतं हो. पण गाणं येत नाही, नुसतं धप् धप् येतं." आम्ही चाळीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं, बेसवरची याहून नेमकी टीका आम्ही वाचलेली नाही. दुसऱ्या दिवशी नातवाला वर तेच रेकॉर्ड लावायला सांगून आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो. आमचा लाडका डग्गा छतातून उतरत होता. दायां नाही, तंबोरा नाही, लय अर्धवट. अजोबांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, पथ्यपाणी चालू, झोप नाही, आणि वरून हे. स्लॅब उंच स्वर अडवतो, खालचे सोडतो. आम्ही ज्याला वजन म्हणत होतो ते वजन त्यांच्या पलंगावर पडत होतं.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत, पण ते 'ए' मापाचे, आणि हे माप खालचे स्वर जवळजवळ ऐकतच नाही. ५० हर्ट्झला तीस डेसिबल सोडून देतं. यंत्र म्हणेल सगळं ठीक आहे, आणि समई हलत असेल. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींसमोर ज्यांची छाती धडधडली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पेटीखाली रबराची गादी घातली, फरशीतून जाणारी थरथर थोडी कमी झाली. हवेतून जाणारा आवाज तिला जुमानत नाही. शेवटी वहिनींशीच ठरवलं. साडेनऊनंतर पेटीचं बटण बंद. दुपारी अजोबा झोपतात तेव्हाही बंद. संध्याकाळी साडेपाच ते सात आमचं. त्या दीड तासात 'घे' चढतो, घसरतो, आणि तो वादक पुन्हा ओळखू येतो.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

पहिली, "हेडफोन का नाही वापरत?" वापरतो, साडेनऊनंतर. खोलीचे सगळे दोष एका फटक्यात जातात हे खरं. पण आमच्या घरी ऐकणारी माणसं दोन आहेत.

दुसरी, "एकापेक्षा दोन सबवूफर बरे का?" हो. टॉड वेल्टी यांनी २००२ साली ध्वनिअभियंत्यांच्या अधिवेशनात यावर निबंध वाचला होता; समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर एकाच खुर्चीत नाही, अनेक जागी बेस सारखा होतो. दोन मध्यम पेट्या एका राक्षसी पेटीपेक्षा चांगल्या. आमच्याकडे दुसऱ्या भिंतीच्या मध्यावर स्वयंपाकघराचं दार आहे. आणि वहिनींना अजून विचारलेलं नाही.